खाटकाचा डबा

चौकातल्या खाटकाने तीस वर्षं सुरा चालवला आणि तितकीच वर्षं दोन्ही वेळा मटण चापलं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी "आता आठवड्यातून एकदाच" असं बजावलं, तेव्हा सुनेने डब्यात सोयाचे तुकडे शिजवून दिले. पहिल्याच घासाला त्याचं तोंड वाकडं झालं. संध्याकाळी घरी येऊन तो म्हणाला, "सूनबाई, हा तर ओला स्पंज आहे!"

पण हार मानेल तो खाटीक कसला! सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा तो स्वतःच ओट्यापाशी उभा राहिला. तुकड्यांत पाणी भरलेलं, मग मसाला शिरणार कुठून? त्याने उकडलेले तुकडे घट्ट पिळले, आलं, लसूण आणि मिरी चोळून तासभर मुरवले आणि लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर खरपूस परतले. सुनेने एक तुकडा तोंडात टाकला आणि ताटलीच पुढे केली. "मामंजी, अजून वाढा."

महिन्याभरात शेजारच्या सुताराला याचा सुगावा लागला. भर गिऱ्हाइकांत तो म्हणाला, "खाटीक असून पाला खातोस?"

"माझं मटण एक नंबर आहे, म्हणून तर विकतो," खाटीक हात न थांबवता म्हणाला. "पण मला आता हे आवडतं. घे, खाऊन बघ."

सुतार खोड काढायच्या इराद्याने बसला आणि अर्धा डबा फस्त करून उठला.

"उद्या जरा जास्त आण," जाताना तो हळूच म्हणाला.

"स्वतःचा डबा आण," खाटीक हसत म्हणाला. "करायचं कसं, ते शिकवतो."