पाठीमागची गाठ

मंगला मॅडमनी माझे दोन गुण कापले होते, ते मी अजून विसरले नाही. सातवीत होते. मी एप्रन शिवला, घातला आणि बंद पोटावर आणून ऐटीत फुलाची गाठ मारली. मॅडम म्हणाल्या, "गाठ पाठीमागे. समोर आली की कामात अडकते. दहापैकी आठ." मॅडमचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आमच्या उज्जैनच्या मुलींच्या शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं शिवण शिकवलं. पंचाण्णव साली शिवणवर्गाच्या खोलीत कॉम्प्युटर आले. मशीनी व्हरांड्यात गेल्या, तिथून कुठे गेल्या कुणास ठाऊक. मॅडम दोन वर्षं लायब्ररीत बसून निवृत्त झाल्या. कपाटात गणवेशाचं निळं कापड उरलं होतं, तेवढं मागून घेतलं, तेही रीतसर हिंदीत अर्ज करून! लग्न त्यांनी केलं नव्हतं. भाऊ पुण्याला, दिवाळीला त्याचं पत्र.

त्या नोकरीत असतानाच लग्न होऊन मी उज्जैनमध्येच फ्रीगंजमागच्या गल्लीत आले, तर शेजारी ह्याच. घरामागे त्यांनी मेथी, भेंडी, मोगरा असं काय काय लावलं होतं. माळव्याची काळी माती साडीला लागली की सुटता सुटत नाही. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी त्या निळ्या कापडाचा एप्रन शिवला. खिशाच्या तळाला दुहेरी कापड, खुरपीच्या टोकाने भोक पडू नये म्हणून. शिवण अशी सरळ की मोजपट्टीने लाजावं. बंद मात्र बेताचे झाले, कापडच संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मधल्या बुटक्या भिंतीशी आल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"मृणाल, जरा गाठ मार ना. खांदा बिलकुल जाम झालाय, हात पीछे जातच नाही."

"मॅडम, बंद लांब करून समोर बांधा ना. कशाला परेशान होता?"

त्यांनी मान वळवून असं पाहिलं की मी थेट सातवीत जाऊन बसले. मुकाट्याने गाठ मारली.

मग ते रोजचंच झालं. खोटं कशाला बोलू, मला कधी कधी वैताग यायचा. इकडे दूध उतू जातंय, मुलीची वेणी अर्धी राहिलीय, आणि ह्या आपल्या पाठ करून उभ्या. गाठ झाली तरी लगेच हलायच्या नाहीत. "आज काय भाजी तुमच्याकडे?" विचारायच्या. मी सांगितलं की "चल, तुला देर होत असेल," म्हणून वाफ्याकडे वळायच्या.

एकदा मी चार दिवस माहेरी गेले, आईबाबा आता देवासला राहायचे. परतले तर वाफ्यात तण माजलेलं.

"काम नाही केलं, मॅडम?"

"एप्रनशिवाय कसं करणार?" त्या म्हणाल्या.

दिवसभरात ह्या बाईला हात लावणारं माणूस मी एकटीच आहे, हे मला तेव्हा लख्ख कळलं. कळूनही मी एकदासुद्धा त्यांना घरात या, बसा, चहा घ्या म्हटलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात माझ्या नवऱ्याची बँकेतून जबलपूरला बदली झाली. सांगायला गेले तेव्हा मॅडम "अच्छा," एवढंच म्हणाल्या. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "तिकडे गरमी फार." पुढचे दोन दिवस त्या भिंतीशी आल्याच नाहीत. दुपारी मशीनचा आवाज तेवढा यायचा.

निघायच्या दिवशी सकाळी सामान ट्रकमध्ये चढत होतं. मी सवयीने भिंतीशी गेले. मॅडम एप्रन घालून वाफ्यात बसल्या होत्या. मला पाहून उठल्या. निळ्या बंदांना गादीच्या पट्टेरी कापडाचे तुकडे जोडले होते, जोड बोटाला लागू नये इतका सपाट. आणि गाठ पोटावर होती.

"मॅडम, वळा. आजची मी मारते."

"नको गं. सवय करायला पाहिजे."

त्यांनी खिशातली भेंडी ओंजळीने काढून माझ्यासमोर भिंतीवर ठेवली.

"दोन गुण काप माझे," म्हणाल्या, आणि पुन्हा वाफ्यात जाऊन बसल्या.