मनोऱ्यावरून निमगाव

जळोचीच्या आमच्या आत्याला उंच जागा दिसली की चढल्याशिवाय राहवत नसे. पाण्याची टाकी, कुणाची गच्ची, अर्धवट बांधकामाचा मजला, काहीही. वर गेली की बारामतीकडे पाठ करायची आणि इंदापूरच्या दिशेला बघत राहायची.

तिकडं निमगाव केतकी, तिचं माहेर आणि माझं घर. माझ्या धाकट्या भावाच्या बारशात कानात नाव सांगायचा मान रीतीप्रमाणं तिचा होता. ऐन वेळी एक पुढारी दारात जीप थांबवून आत आले आणि वडिलांनी तो मान त्यांना देऊन टाकला. पुढाऱ्यांनी नावाआधी छोटंसं भाषण केलं. बाळ झोपून गेलं. आत्यानं आणलेलं झबलं पाळण्यात ठेवलं, "दादा, आता तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाय," म्हणाली आणि एसटी धरली.

ते बाळ आता चाळिशीला आलंय. आत्यानं शब्द मोडला नाही, वडिलांनीही कित्येक वर्षं माफी मागितली नाही. दोघंही याला स्वाभिमान म्हणत. मला तो गुडघेदुखीसारखा घराण्यात चालत आलेला वाटे.

आत्या गेली त्याच्या आदल्या वर्षी जळोचीच्या कडेला निरीक्षण मनोरा झाला. इथून अख्खा जिल्हा दिसेल, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं गेलं. दिसायचा तो ऊस, कालवा आणि उद्घाटकांचा फलक. आत्या रोज सकाळी वर जायची. एकदा मलाही घेऊन गेली.

"आपल्या दारातली चिंच दिसती का रं?"

"आत्या, पृथ्वी गोल आहे. इतक्या लांबचं झाड तिच्या आड जातं."

"मग मनोरा आजून उंच करायचा हुता. भाषणं कमी केली आसती तर जमलं आसतं."

"त्यापेक्षा चल ना, गाडीनं तासाभरात नेतो."

"पाय ठेवणार न्हाय म्हटलंय म्या. बघणार न्हाय आसं कुठं म्हटलंय?"

हे मी घरी सांगितलं. वडील पंच्याऐंशीला टेकलेले, काठीशिवाय उठत नसत.

"रोज चढती?"

"रोज."

त्यांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "उद्या गाडी काढ."

आम्ही पोचलो तेव्हा आत्या वरच होती. कपाळावर आडवा हात धरून पूर्वेकडं बघत होती. वडिलांना जिना चढणं शक्य नव्हतं. त्यांनी खालूनच, शेताच्या या बांधावरून त्या बांधाला घालतात तशी हाक घातली, "शालन!"

"कोण हाय?"

"मी. तिकडं काय बघती? हितं हाय मी, खाली!"

आत्या कठड्यावरून वाकली. तिनं तोंड फिरवलं तर वडिलांना परत कसं न्यायचं, याचा मी विचार करू लागलो.

"माजं चुकलं," वडील म्हणाले. वर ऐकू गेलं नसावं. मग त्यांनी तेच पुन्हा, छाती भरून, ओरडून सांगितलं. फिरायला आलेली माणसं थबकली. पहारेकरी खुर्चीतून उठला.

वरून आवाज आला, "दादा, तितनं हालू नगंस. मला उतराया येळ लागतो."