जमा वाचली, खर्च राहिला

परदेशात, क्रेगीबर्नला राहणाऱ्या शैला काटकरला रेडिओवर मराठी ऐकणारी माणसं दोन गोष्टींसाठी ओळखायची. एक म्हणजे, माण तालुक्यात जसं बोलतात तसंच ती माइकपुढंही बोलायची. दुसरं, वर्षातनं एकदा ती वर्गणीचा हिशोब वाचायची, सेंटासकट.

बोलण्यावरनं मागं एका बाईनं केंद्राला मेल टाकला होता, की निवेदिकेनं शुद्ध बोलावं, मुलं ऐकतात. पुढच्या रविवारी शैला म्हणाली, "एक ताई म्हणत्यात माझी बोली अशुद्ध हाय. ताई, माझ्या आईनं ह्याच बोलीत मला जेवाय वाढलं अन् ह्याच बोलीत बडवलं. दुसरी आणायची तर पगार लागंल. आता बातम्या." पगार नव्हताच. सोमवार ते शुक्रवार ती वृद्धाश्रमाच्या लॉन्ड्रीत चादरी धुवायची, अन् रविवारचा तास फुकट करायची. अकरा वर्षं.

हिशोबाचं खूळ बापाकडनं आलेलं. गावच्या जत्रेची वर्गणी त्याच्याकडं असायची, अन् जत्रा उठली की तिसऱ्या दिवशी देवळापुढं उभं राहून तो सगळं वाचून दाखवायचा. नारळ किती, हलगीवाले किती, मांडवाचा दोर तुटला त्याचे किती. मधीच कुणी "थांब रं, त्यो दोर कुणाचा?" असं विचारलं की तो थांबायचा, सांगायचा, अन् पुढं जायचा. उत्तर दिल्याबिगर पुढची ओळ नाही.

इथं मोठा सरकारी रेडिओ लोकांच्या करावर चालतो. रेडिओसाठी घरटी लायसनची फी होती ती कधीच बंद झाली, त्यामुळं आपले किती गेले अन् कुठं गेले हे कुणी विचारायला जात नाही. शैलाचं केंद्र मात्र चिमुकलं. तीसएक भाषा, अन् ज्या त्या भाषेनं आपला तास विकत घ्यायचा. मराठीच्या तासाला आठवड्याला साठ डॉलर पडायचे. ते भरायला एकशे बारा घरं वर्षाला तीस-तीस डॉलर द्यायची. पावती शैला फाडायची. पैसे तिच्या हातात यायचे, अन् तिच्या हातनं केंद्राला जायचे.

दोन हजार वीसच्या मार्चात करोनानं स्टुडिओला कुलूप लागलं. मग शैला घरीच रेकॉर्ड करायला लागली. कपाटात, टांगलेल्या कोटांच्या मधी मुंडकं घालून, अंगावर रजई घेऊन, म्हणजे आवाज घुमत नाही. माइक तिचा, लाइट तिची, घाम तिचा. एप्रिलात केंद्राचं बिल आलं ते साठाचं नव्हतं, पंच्याहत्तराचं होतं. वरच्या पंधरापुढं लिहिलेलं, डिजिटल आकार.

तिनं विचारलं. स्टुडिओ बंद हाय, मग साठ कशाचे? अन् हे पंधरा कशाचे? सरकारनं मदत दिली म्हणत्यात, ती कुठं लागली? तीन मेल टाकले. केंद्राची मॅनेजर ग्लेनिस काही वाईट बाई नव्हती. तिचाही पगार निम्म्यावर आलेला. तिनं वार्षिक अहवाल पाठवला. त्यात सगळा खर्च एका ओळीत होता, 'केंद्र चालवणे'. बाकीचं सर्वसाधारण सभेत विचार, म्हणाली. अन् सभा करोनामुळं पुढं ढकललेली.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी जूनअखेरपर्यंतच्या वर्षाचा हिशोब वाचायचा होता. शैलानं कागद तयार केला. जमा, तीन हजार तीनशे साठ. खर्च, तासाचे तीन हजार एकशे वीस, डिजिटल आकार तेरा आठवड्यांचा एकशे पंच्याण्णव. शिल्लक पंचेचाळीस. अन् खाली एक ओळ, 'डिजिटल आकार कशाचा ते केंद्राला तीनदा विचारलं, अजून कळालेलं न्हाई.'

नवरा रविंद्र चहा पिता पिता म्हणाला, "एकशे पंच्याण्णव डॉलरपायी रेडिओवर रडगाणं लावतीस व्हय?"

"रडत न्हाई. जे हाय ते सांगतीय."

हिशोब ती कायम शेवटी ठेवायची. आधी ठेवला तर लोक तेवढाच ऐकून उठतात, हा तिचा अनुभव. त्या रविवारी तिनं एकशे बारा नावं वाचली, मग जमा, मग खर्च, मग ती ओळ. फाइल पाठवली अन् दुपारी रविंद्रबरोबर ऐकत बसली.

रेडिओवर तिचाच आवाज आला. "अशी एकूण जमा तीन हजार तीनशे साठ डॉलर. आता खर्च..." अन् तिथंच एक गोरी बाई इंग्रजीत सांगायला लागली, की साबणानं वीस सेकंद हात धुवा.

झालं होतं असं, की सरकारी आरोग्याची सूचना त्या आठवड्यापासनं प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी टाकायची होती. दोन मिनिटांची जागा हवी, म्हणून केंद्राच्या मशीननं प्रत्येकाचं शेपूट कापलं. तसा मेल शुक्रवारी आलेला. शुक्रवारी शैलाच्या वृद्धाश्रमात दोघांना करोना निघाला होता, अन् ती सोळा तास तिथंच होती.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पहिला मेसेज ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या माधवचा पडला. माधव फायनान्समधला माणूस, वर्गणी न चुकता भरणारा. 'जमा ऐकली. खर्चाच्या वेळेला हात धुवून घेतले वाटतं.' खाली सोळा जणांनी हसरे चेहरे टाकले. त्यात तिच्या हातचं जेवलेले नऊ.

शैलानं कागदाचा फोटो काढून टाकला. माधवनं लिहिलं, 'फोटोतला हिशोब घरी कुणीही करतो, वहिनी. रेडिओवर का नाही आला?' नुसतं लिहून थांबला नाही, केंद्राला रीतसर तक्रारही केली.

अन् तिथं गाडी आणखी रुतली. शैला ग्लेनिसला फोनवर म्हणाली, की पुढच्या रविवारी खर्च परत लावू दे. ग्लेनिस म्हणाली, "हो लव्ह, नो वरीज. पण आता तक्रार आलीय ना, म्हणून त्या भागाचं इंग्रजी लिहून पाठव, कमिटीला दाखवावं लागेल." शैलानं पाठवलं, शेवटच्या ओळीसकट. मंगळवारी ग्लेनिसचा परत फोन.

"शैला, ती शेवटची ओळ काढावी लागेल."

"का?"

"नियम चौदा. केंद्राच्या कारभारावर कार्यक्रमात बोलायचं नाही. तू सही केलीयस."

"मग केंद्राला विचारायचं कुठं?"

"सभेत."

"सभा कवा?"

"ते कुणालाच माहीत नाही गं. मलाही नाही," ग्लेनिस म्हणाली, अन् ती खोटं बोलत नव्हती. "ओळ काढ, बाकी सगळं वाच."

"त्या ओळीबिगर त्यो हिशोब न्हाई. नुसती बेरीज हाय."

हे शैलानं इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, पण इंग्रजीत ते नीट जमलं नाही. ग्लेनिस म्हणाली, "सॉरी, लव्ह."

रेडिओवरनं सांगायची वाट बंद, करोनापायी घरापासनं पाच किलोमीटरच्या पलीकडं जायची बंदी, लोकांना एका जागी बोलवायचं तर पोलीस दंड करणार. राहिला फोन. बुधवारी लॉन्ड्रीतनं आल्यावर शैलानं पावतीपुस्तक उघडलं, अन् पहिल्या नंबरापासनं एकेकाला हिशोब वाचून दाखवायला बसली. एकशे बारा घरं.

काहींनी उचललाच नाही. काहींनी "ताई, आमचा विश्वास आहे हो" म्हणून मधीच तोडलं, अन् विश्वास असलेल्या माणसाला हिशोब कसा ऐकवायचा ते तिला कळेना. वसईची फ्रेडा तेवढी शेवटपर्यंत गप्प ऐकत राहिली.

"समजलं का, फ्रेडाबाय?"

"समजलं. पण शैला, खरं सांगू? मी वर्गणी भरते ती माझं नाव रेडिओवर ऐकायला. नाव आलं. खर्चाचं कशाला घेऊन बसलीस? जेवलीस का?"

शुक्रवारी संध्याकाळी माधवचा नंबर आला. त्यानं लगेच उचलला. शैलानं पहिल्यापासनं वाचलं. डिजिटल आकारावर त्यानं थांबवलं.

"हे एकशे पंच्याण्णव कशाचे?"

"तेच मी इचारतीय भावजी. तीन मेल टाकलेत. सभा झाली की..."

"सभेचं राहू द्या. तुम्हांला माहिती आहे का नाही?"

"न्हाई."

"म्हणजे न कळता भरले."

"भरलं नसतं तर तास गेला असता. त्या तासासाठी तीन भाषा टपून बसल्यात."

माधव समजावून सांगितल्यासारखं बोलला. आवाज चढवणारा तो माणूस नव्हता. "वहिनी, तुम्ही खाल्ले असं मी म्हणत नाही. ग्रुपवरची माझी गंमत जास्त झाली असेल. पण मी पैसे केंद्राला दिलेले नाहीत. ग्लेनिस कोण ते मला माहीत नाही. मी तुम्हांला दिले, पावतीवर सही तुमची आहे. मग मी विचारू कुणाला?"

शैलानं पावतीपुस्तकात त्याचं पान काढलं. ती म्हणाली, "तुमचं तीस परत पाठवू का?"

"तीस डॉलरचं मी काय करू? मला उत्तर पाहिजे." मग तो म्हणाला, "बघू पुढच्या वर्षी. काळजी घ्या, तुमच्या तिथं करोना आहे ना," अन् फोन ठेवला.

रविंद्र ओट्यापाशी कांदा चिरत होता. त्यानं मागं न बघता विचारलं, "समजला का त्याला?"

"समजला. चांगला समजला."

"मग झालं की."

शैलानं माधवच्या नावापुढं काय खूण करावी ह्याचा थोडा वेळ विचार केला. उचलला नाही त्यांना फुली होती, ऐकलं त्यांना बरोबरची खूण. ह्याला दोन्ही बसेना. तिनं जागा कोरी ठेवली.

"किती राह्यलेत?" रविंद्रनं विचारलं.

"सत्तावन."

तिनं घोटभर पाणी प्यायलं अन् पुढचा नंबर लावला. तिकडनं हॅलो आल्यावर म्हणाली, "मी शैला काटकर बोलतीय, रेडिओवरची. दोन मिन्टं हायत का? एक हिशोब वाचायचाय. त्यात एक ओळ मलाच ठावं न्हाई, ती आधीच सांगती."