मंडी वाढवतात म्हणे

आमची खिडकी थेट मंडीच्या कमानींवर उघडते, त्यामुळं मला भानगडी हुडकत फिरावं लागत नाही. किस्से धुळीसारखे आपसूक घरात येतात. सकाळी झाडावं, तर संध्याकाळी पुन्हा तेवढेच. शेजारणी मला चोंबडी म्हणतात. म्हणू द्या. मंग ताजी खबर ऐकायला माझ्याच ओट्यावर कशाला बसतात?

मंडी म्हणजे गावाच्या मधोमध असलेला, निजामाच्या काळचा दगडी बाजार. हात-हात रुंद भिंती, उंच कमानी. त्यातल्या एका कमानीत गोदामावशी कासारीण बांगड्या भरते. तिच्या आधी तिची सासू भरायची. नव्वद सालाच्या पुढंमागं सरकारी योजनेचा पैसा आला, आणि इतकी वर्षं कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेली मंडी पालिकेला एकदम खुपायला लागली. पाडायची आणि तिथं शॉपिंग कॉम्प्लेक्स उठवायचं. नवा गाळा काही मावशीच्या आवाक्यातला नव्हता. कमान गेली की तिचा धंदा गेला, एवढी साधी गोष्ट.

*

पहिली खबर भाषणातच मिळाली. नगराध्यक्षांना सगळं गाव अण्णा म्हणतं. झेंडावंदन झाल्यावर ते कमानीपुढं उभं राहून म्हणाले, "आपल्याला ही मंडी वाढवायची आहे."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मावशीचा चेहरा मात्र उतरला.

"का वं मावशी? वाढवणार म्हणतात, चांगलंच झालं की."

"बाई, आमच्या धंद्यात बांगडी फुटली की 'वाढली' म्हन्त्यात."

आठवड्यात नोटीस आली.

*

मंग इंजिनिअर आले, इमारत किती खिळखिळी झाली ते तपासायला. मे महिना. त्यांनी दोन भिंती ठोकल्या, घाम पुसला आणि "इथं गार आहे हो," म्हणत मावशीच्याच सतरंजीवर आडवे झाले. चहाच्या वेळेपर्यंत घोरत होते. उठले, चहा पिला आणि शेरा मारला, इमारत कधीही कोसळू शकते.

मावशी कपबशी उचलत म्हणाली, "साहेब, तुमच्या घोरण्यानं पडली न्हाई. आता कशानं पडती?"

*

'धोकादायक इमारत' अशी पाटी लावायला पालिकेचा शिपाई आला. खिळा ठोकला, वाकला. दुसरा ठोकला, तोही वाकला.

"काय करून राह्यला रे?" मी खिडकीतून विचारलं.

"भिंत लई कडक आहे, काकू."

"मंग तसंच लिही की पाटीवर."

शेवटी मावशीकडूनच सुतळी मागून त्यानं पाटी टांगली. दुसऱ्या दिवशी वारं सुटलं, सुतळी तुटली आणि पाटी त्याच्याच पायावर आली. मंडीनं माणूस जखमी केल्याची ही पहिलीच वेळ. पालिकेत म्हणे सगळ्यांना फार समाधान वाटलं.

*

मंडी वाचवायला आमच्या गल्लीतल्या रिटायर गुरुजींनी समिती काढली. "हा आपला वारसा आहे," असं ते इतकं कळवळून सांगायचे की ऐकणाऱ्याला उगीच अपराधी वाटावं. पहिली बैठक त्यांच्याच घरी. ते घर म्हणजे वडिलांचं सागवानी घर पाडून बांधलेलं सिमेंटचं. स्लॅब असा तापला, की ठराव वाचायच्या आधीच माणसं उठली. बैठक उचलून मंडीच्या कमानीखाली न्यावी लागली.

मी विचारलं, "गुरुजी, तुमच्या घराचे सागवानी खांब कुठं गेले?"

"ते खाजगी होते," गुरुजी म्हणाले. "वारसा सार्वजनिक असतो."

*

समितीच्या अर्जांना उत्तर आलं नाही. पाडायचं मशीन मात्र जालन्याहून आलं, तेही नेमकं नागपंचमीच्या आदल्या दिवशी. कमानीत बांगड्या भरायला बायांची ही गर्दी. त्यात अण्णांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या वैनीही होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांचे हात मावशीच भरते. डावा हात भरून झाला होता, उजव्यातल्या जुन्या बांगड्या नुकत्याच उतरवल्या होत्या.

मशीनचा आवाज झाला तशा बाया पळाल्या. वैनी बसून राह्यल्या. मीही बसले. माझे दोन्ही हात भरून झाले होते, पण उठायची घाई कुणाला होती?

अण्णांनी आत डोकावलं. "अगं, तू इथं? ऊठ, मशीन खोळंबलंय."

"एक हात मोकळा घेऊन उठू?" वैनी म्हणाल्या. "तेही सणाच्या तोंडावर? तुमचंच काही बरंवाईट झालं म्हंजे?"

अण्णा मावशीकडं वळले. "मावशी, जल्दी दुसरा हात भरून टाका."

मावशीनं वैनींचा उजवा हात मांडीवर घेतला. बोटं दाबून पाह्यली. एक हिरवी बांगडी अंगठ्यापर्यंत चढवली आणि अलगद माघारी काढली.

"उजवा हात जाड असतो, अण्णा. डाव्याचं माप ह्याला चालत न्हाई. ह्या मापाचा माल फिरोजाबादहून येतो."

"कधी येतो?"

"ते त्यांच्यावर आहे." मावशीनं वैनींना टेकायला उशी दिली. "बसा वैनी, आरामात बसा."

अण्णांनी उशीकडं पाह्यलं, वैनींच्या मोकळ्या हाताकडं पाह्यलं. मंग बाहेर जाऊन मशीनवाल्याला म्हणाले, "तू जा परत जालन्याला. मी कळवतो."