मागच्या सीटचा प्रश्न

पन्नाशी उलटलेल्या बाईने काय घ्यावं, याबद्दल पुण्यात बऱ्यापैकी एकमत आहे. पैठणी घ्यावी, चारधामची तिकिटं काढावीत, फारच हौस असेल तर गच्चीत कुंड्या वाढवाव्यात. मला मोटरसायकल घ्यायची होती. तीही साधीसुधी नाही. उंच, थोराड, जाड दातेरी टायरांची, जिला शोरूमवाले ‘ॲडव्हेंचर’ म्हणतात आणि जी डांबरावर चालते तशीच माती, दगड आणि ओढ्यातूनही चालते. मी हे घरात पहिल्यांदा बोलले तेव्हा नवरा पेपर वाचत होता. पेपर खाली न घेता त्याने विचारलं, “स्कूटरला काय झालं?”

समोर मी त्याला अहोजाहो करते. लिहिताना ‘तो’ म्हणायची मोकळीक घेते आहे. त्याची हरकत नाही, विचारून घेतलंय.

स्कूटरला काहीच झालं नव्हतं. आम्ही राहतो येरवड्याला आणि माझी नोकरी होती हिंजवडीला, म्हणजे रोज सगळं शहर आडवं कापायचं. एका संध्याकाळी मी कुठल्याशा कंपनीच्या बसमागे धूर खात उभी होते. बाजूचा रस्ता खणून ठेवला होता. कशासाठी, हे खणणाऱ्यांनाही आठवत नसावं. त्या ढिगाऱ्यांवरून एक मोटरसायकल आली. चालवणारा फूटरेस्टवर चक्क उभा होता. गाडी त्याच्याखाली वरखाली होत होती आणि तो देवघरातल्या समईसारखा स्थिर. पुढच्या टपरीपाशी थांबून त्याने हेल्मेट काढलं तर आत पांढरी दाढी निघाली. साठीचा तरी असेल. आम्ही सगळे तिथेच हॉर्न वाजवत राहिलो आणि तो चहा पिऊन निघूनही गेला. त्या दिवशी माझ्या डोक्यात जो किडा शिरला तो काही केल्या निघेना.

कॉलेजात असताना भावाची गिअरची गाडी मी त्याच्या नकळत चालवायचे, त्यामुळे क्लच-गिअर हाताला माहीत होते. पण ही गाडी म्हणजे वेगळंच प्रकरण. मुळशीच्या बाजूला एक जण रविवारी सकाळी आपल्याच गाड्यांवर शिकवतो असं कळलं. त्याने एका शेतकऱ्याचं पडीक रान भाड्याने घेतलं होतं. तिथला पहिला धडा गाडी चालवण्याचा नव्हता, पाडण्याचा होता. मुद्दाम आडवी पाडायची आणि एकट्याने उभी करायची. हाताने ओढलं तर कंबर जाते. सीटला पाठ टेकायची, एका हाताने हँडल धरायचं, दुसऱ्याने मागची दांडी, आणि पायांच्या जोरावर एकेक पाऊल मागे सरकत जायचं. पहिल्या रविवारी गाडी जागची हलली नाही. रानाचे मालक बांधावर बसून मजा बघत होते. ते ओरडले, “ताई, तिकडं कशापायी पडताय? हितं पडा, हितली माती मऊ हाय!”

मी मऊ मातीत पडले, कडक मातीतही पडले. आणि एका रविवारी गाडी उठली. माझं कोणी कौतुक केलं नाही, कारण तिथे जो तो आपापली गाडी उचलण्यात गर्क होता. मला ते फार आवडलं. त्या रानात मी कोणाची बायको नव्हते, वहिनी नव्हते, मॅडम नव्हते. उन्हं चढेपर्यंत चिखलात लोळायचं आणि भूक लागली की घरी यायचं. इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

तर मला ती गाडी घेऊन एकटीला जायचं होतं. आधी ताम्हिणी उतरून कोकणात, आडवाटांनी, आणि जमलं तर पुढे कधीतरी हिमालयात. एकटीला. मागची सीट रिकामी ठेवून. अडचण एवढीच होती की त्या सीटवर गेली पंचवीसेक वर्षं माझा नवरा बसत होता.

त्याला गाडी येत नाही. तरुणपणी एकदा शिकायला गेला तो थेट नाल्यात उतरला, आणि नंतर पुन्हा हँडलला हात लावला नाही. बँकेत तो बसने जायचा. लग्न झाल्यावर बाकी सगळीकडे माझ्यामागे बसून आला. पुढे बायको आणि मागे पिशवी मांडीवर घेतलेला नवरा, हे चित्र बघून आमच्या वेळी लोक माना वळवायचे. त्याने कधी त्याची लाज बाळगली नाही. त्याच्या मित्रांपैकी एकाने खवचटपणे विचारलं, “काय, आज ड्रायव्हर सुट्टीवर नाही वाटतं?” तर हा म्हणाला, “तुमच्याकडे नाही, म्हणून जळता.” असा माणूस. त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की बाबा, या खेपेला तू नको?

पेपर खाली ठेवल्यावर त्याने विचार केला आणि चारच दिवसांत तयारीला लागला. स्वतःसाठी हेल्मेट आणलं. गुडघ्यांना बांधायचे पट्टे आणले आणि सवय व्हावी म्हणून ते घालून संध्याकाळी हॉलमध्ये फेऱ्या मारू लागला. उंच सीटवर टांग टाकता यावी म्हणून पलंगाच्या कठड्यावरून पाय टाकायचा सराव सुरू केला. “मी मागे बसून नकाशा बघत जाईन,” म्हणाला. मी म्हटलं, “वा!” आणि दात आवळून हसले.

कोणाशी बोलायची सोय नव्हती. आपल्याकडे सत्यनारायणाला बसायचं ते जोडीनं, लग्नाचं आमंत्रण द्यायचं ते जोडीनं, हळदीकुंकू सोडलं तर बाईने एकटीने करायचं असं काही शिल्लकच नाही. ज्याला त्याला गाडीचं सांगावं तर तो म्हणायचा, “छान, जोडीनं जा.” ‘मला एकटीला जायचंय’ हे वाक्य मी स्वयंपाकघरात मनातल्या मनात बोलून बघायचे आणि ते प्रत्येक वेळी घटस्फोटाच्या नोटिशीसारखं वाटायचं. शिवाय एक भीतीही होती. माझे पाय त्या गाडीवरून जमिनीला जेमतेम चवड्यांवर टेकतात. शिकवणाऱ्याने बजावलं होतं की मागे माणूस बसला की गाडी निराळी होते, त्याची घाई करू नका. स्वतः पडायची मला भीती राहिली नव्हती. त्याला पाडायची होती.

एका रविवारी टेस्ट राइड ठरली. शोरूमचा माणूस डेमोची गाडी आमच्या सोसायटीत घेऊन येणार होता. ही बातमी कसबा पेठेत माझ्या नणंदेला नवऱ्याने दिली असणार, कारण सकाळी बघते तर ती रिक्षातून उतरतेय, हातात तबक, हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ आणि लिंबं. ती नवऱ्याची धाकटी बहीण. गाडी आल्या-आल्या तिने टाकीवर कुंकवाने स्वस्तिक काढायला घेतलं.

शोरूमचा माणूस कासावीस झाला. “मॅडम, ही डेमोची आहे. विकायची नाही.”

“असू दे,” नणंद म्हणाली. “वहिनी पहिल्यांदा बसतेय ना? गाडी कोणाची का असेना, हाडं आमची आहेत.”

नारळ फुटला, हँडलला हार पडला, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. नवरा हेल्मेट, जॅकेट आणि गुडघ्यांचे पट्टे अशा पूर्ण वेषात उभा होता. घाम त्याच्या कानशिलांवरून ओघळत होता आणि तो सगळ्यांकडे बघून हसत होता. मी म्हटलं, “आधी मी एकटी चक्कर मारून बघते.”

“पहिल्यांदा एकटी कशी?” नणंद म्हणाली. “जोडीनं बसा. लिंबांवरून गाडी गेली की मग काय फिरायचं ते फिरा. मी फोटो काढते.”

मी बसले. स्टँड काढला, चवडे टेकवले आणि मागे बघून म्हटलं, “अहो, थांबा. मी सांगेन तेव्हा चढा.”

“चढ रे दादा, ऊन लागतंय तिला,” मागून नणंद.

तो बहिणीचं ऐकण्यात लहानपणापासून तयार. त्याने डावा पाय फूटरेस्टवर ठेवला आणि सगळा भार त्याच्यावर टाकून टांग मारली. चाकाखालचं लिंबू सरकलं. गाडी डावीकडे कलली, इतकी हळू की मला सगळं दिसत होतं आणि काहीही करता येत नव्हतं. माझा चवडा निसटला आणि आम्ही तिघं, म्हणजे तो, मी आणि ती गाडी, सोसायटीच्या मेंदीच्या कुंपणात आडवे झालो.

मी पहिल्यांदा त्याचा पाय बघितला. गाडीच्या पुढे लोखंडी गार्ड असतो, त्यावर ती टेकली होती, त्यामुळे खाली कोणाचं काही सापडलं नव्हतं. तो मेंदीत बसला होता, हातपाय हलत होते. शोरूमचा माणूस धावला. मी म्हटलं, “हात लावू नका.” सीटला पाठ लावली, दांडी धरली आणि रानात शिकले होते तशी एकेक पाऊल मागे जात गाडी उभी केली. हार जागच्या जागी होता. नणंदेच्या तोंडून ‘अगं बाई’ एवढंच निघालं.

नवरा जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. हेल्मेट काढेना. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. “लागलं का कुठे?”

“नाही.” मग काच वर करून म्हणाला, “एक सांगू? रागावू नकोस.”

“सांगा.”

“मला नाही यायचं.”

मी नुसती बघत राहिले. त्याला वाटलं मी दुखावले. तो भराभर बोलू लागला. “म्हणजे तू चालवतेस उत्तमच. पण मला भीती वाटते गं. स्कूटरवरसुद्धा वाटते. पुलावर मी डोळे मिटूनच बसतो. इतकी वर्षं काढली, कारण तू होतीस आणि जायचं तर होतंच. पण हे डोंगर, ओढे... मला नाही जमणार. तुला एकटं सोडायचं कसं, म्हणून बोललो नाही. तू मनापासून मला नेणार होतीस. मोडता कसा घालू?”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. छातीवर ठेवलेला पाटा कोणी उचलावा तसं झालं. इतकं सुटल्यासारखं मला दहावीच्या निकालानंतरही वाटलं नव्हतं. आणि मग मीही बोलून टाकलं. म्हटलं, नाहीतर पुन्हा जन्मात बोलणार नाही. “अहो, मलाही तुम्ही यायला नको होतात.”

ते थोडं लागलं त्याला, मला दिसलं. काच पुन्हा खाली करतो की काय असं वाटलं.

“अजिबात?” त्याने विचारलं.

“या गाडीवर अजिबात. बाकी सगळीकडे हवे आहात.”

त्याने जरा विचार केला. “मग मी ते पट्टे घालून हॉलभर फिरत होतो तेव्हा ‘वा वा’ काय करत होतीस?”

“आणि तुम्ही कशाला फिरत होतात?”

“म्हणजे माझी लिंबं फुकट गेली,” नणंद म्हणाली. पण तीही पदराने डोळे टिपत होती. शोरूमचा माणूस बिचारा कुंपणातली पानं गाडीवरून झटकत होता आणि आमच्याकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होता.

मग मी एकटी निघाले. शोरूमचा माणूस माझ्या स्कूटरवरून सोबत आला आणि दुसऱ्याच सिग्नलला मागे राहिला. विश्रांतवाडीच्या पुढे रस्ता उखडलेला लागला, नेहमीप्रमाणे. तिथे मी फूटरेस्टवर उभी राहिले. गाडी खालून खडखडत गेली. मागे वजन नव्हतं. मोठ्याने गाणं म्हटलं तर ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून म्हटलं. एका रिक्षावाल्याने वळून पाहिलं, त्याला हात केला. परत येऊन मी शोरूमच्या माणसाला सांगितलं, घेतली. तो म्हणाला, “कुंकू पुसून देऊ ना मॅडम?” म्हटलं, “नवीन गाडीवर नणंद नवीन काढेल. हे तुम्हाला राहू दे.”

वर गेले तर दारातच नणंदेने तोंडावर बोट ठेवलं. नवरा हॉलमधल्या दिवाणावर झोपला होता. दिवसा कधी पाठ न टेकणारा माणूस, भरदुपारी, जॅकेट तसंच अंगात, घोरत होता.

“तू गेटबाहेर वळलीस आणि हा वर येऊन आडवा झाला,” ती कुजबुजली. “मला म्हणाला, महिनाभर रात्री डोळ्याला डोळा नाही. पलंग हलला तर तू उठशील म्हणून कूससुद्धा बदलत नव्हता म्हणे. तुला काही कळलं नाही?”

मला कसं कळणार? मीही जागीच होते. त्याला कळू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून, श्वास संथ ठेवून, पहाट व्हायची वाट बघत. महिनाभर आम्ही दोघं एका पलंगावर पाठीला पाठ लावून जागे होतो, आणि कारण एकच.

नणंद म्हणाली, “पानं घेऊ का? उठवू दादाला?”

“नको,” मी म्हटलं. “तू जेवून घे.” आणि त्याला जरा भिंतीकडे सरकवून मी त्याच्या शेजारी आडवी झाले.