भाचीचं साक्षगंध आणि सदर बाजारचे पंडितजी

रायपूरला निघालो ते भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला. पण खरं सांगू? मी ते मोडायला चाललो होतो. पल्लवी आणि तिचा होणारा नवरा, दोघांच्याही रक्तात अर्धा सिकल, म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक आजाराचा एकेक जनुक, निघाला होता. स्वतः दोघं ठणठणीत. पण त्यांच्या प्रत्येक मुलाला पूर्ण सिकल होण्याची शक्यता चारात एक. आमचा मुलगा बंटी त्यातच गेला, शाळेत असतानाच. हाडं दुखतात म्हणून कण्हणारं लेकरू ज्यानं मांडीवर घेतलं, त्याला कसले गुण अन् कसली पत्रिका!

जाणाऱ्यांनी नागपूरहून सकाळची गाडी धरावी, दुपारचं जेवण रायपुरात होतं. नाश्त्याचा डबा मात्र घरचाच न्या. नव्या राजधानीचं कौतुक फार, रस्ते सगळे खोदलेले. स्टेशनवरून भनपुरीला, ताईच्या घरी जायला, ऑटोवाला दुप्पट सांगतो, घासाघीस करा. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ ताईच्या दोरीवरच्या कपड्यांवरही बसलेली होती.

चहा होताच मी विषय काढला. ताई उसळलीच.

"अठ्ठावीस गुण जुळून राहिले, अन् तू रक्त घेऊन बसला! बंटीचं नशीब वेगळं होतं."

फार लागलं ते. पल्लवी हळूच म्हणाली, "मामा, जो होगा देखा जाएगा ना."

दुसऱ्या दिवशी सदर बाजार गाठला. गाडी नेऊ नका, दुचाकींच्या गर्दीत पायीच बरं. कोपऱ्यावर तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा मिळतो, टमाट्याच्या चटणीसोबत. चुकवू नका. मी मात्र तो न खाताच पुढे गेलो. सराफाच्या दुकानावरच्या खोलीत गुण जुळवणारे ताईचे पंडितजी बसतात. जन्मभर मी विज्ञान शिकवलं, वर्गात राहू-केतूंची टिंगल केली, आणि त्या खोलीत हात जोडून म्हणालो, "पंडितजी, एखादा दोष काढा. हे लग्न होऊ नये." बंटीचंही सांगितलं.

त्यांचे डोळे भरून आले. "हव भैया. नाडी दोष बता देंगे. संतान का ही दोष है वो."

संध्याकाळी ते घरी आले. म्हणाले, पत्रिका पुन्हा पाहिली, नाडी दोष आहे, संततीला धोका. ताईचा चेहरा पांढरा पडला. मला, देवाशपथ, हायसं वाटलं. मग ताईनं विचारलं, "उपाय काय, पंडितजी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "शांति करा लीजिए, दीदी."

डोक्यावर हात मारून घ्यावासा वाटला! दोष आला की मागून उपाय येतोच, हे शेंबड्या पोराला कळतं; मलाच कसं सुचलं नाही? दुसऱ्या सकाळी शांतीचा होम, मलाही पुढंच बसवलं; दुपारी साक्षगंध. वराकडचे खूश, ताई तर हवेत. "पाह्य, तुह्या सिकलचीबी शांती झाली," म्हणत तिनं माझ्या तोंडात पेढा कोंबला. मी पल्लवीला बाजूला घेऊन बजावलं, "दिवस गेले की लगेच पोटातल्या बाळाची तपासणी कर." तिनं मान डोलावली.

लग्न उन्हाळ्यात झालं. रायपूर कसं आहे, असं लोक विचारतात. हिवाळ्यात जा, बरं आहे. मला मात्र त्या होमाच्या धुराशिवाय काही आठवत नाही.

परवा ताईचा फोन आला. पल्लवीला पाचवा महिना. तपासणी केली का, विचारलं.

"काहून? दोष तर गेला ना. तू होता न शांतीले, सगळ्यात पुढं बसून."

फोन ठेवला तर बायको दारात उभी. तिनं एवढंच विचारलं, "तपासलं न त्यायनं?"

मी हो म्हणालो.