दहा भाग बघून शिवलेला झगा

मास्तर चाळीस वर्षं पँटी शिवत आले होते. शर्टही शिवत, पण मनापासून नाही. शर्ट म्हणजे त्यांच्या लेखी पँटीबरोबर आलेला बिनबोलावलेला पाहुणा. असा माणूस वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मोबाइलवर चिनी देवलोकातली मालिका बघत बसतो, हे समोरच्या किल्लीवाल्याला कळलं तेव्हा त्याने आधी मास्तरांच्या तब्येतीची चौकशी केली. काम आहे, असं मास्तरांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच खरं होतं.

उरलेलं अर्धं घरात होतं. मुलाचं लग्न झालं आणि तीनच महिन्यांत त्याची दूरच्या शहरात बदली झाली. सुनेची नोकरी इथल्याच रक्त तपासायच्या लॅबमधली, तीही पक्की, म्हणून ती इथे राहिली. मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झालेली. म्हणजे दोन खोल्यांच्या घरात उरले कोण, तर एक सासरा आणि एक सून. आणि दोघांचे स्वभाव असे, की मूग गिळून बसायची शर्यत लावली असती तर पंच कंटाळून घरी गेला असता. पाणी आलं का, गॅस बंद केला का, एवढ्यावर त्यांचा दिवस सरायचा. जेवण झालं की सून आपल्या खोलीत जाऊन मोबाइल लावायची. मग भिंतीपलीकडून तलवारींचा खणखणाट, बासरी आणि कुठल्याशा बाईचे चिनी हुंदके ऐकू यायचे. भिंतीच्या अलीकडे मास्तर बातम्या बघत.

भिंत पातळ होती. एका संध्याकाळी तिच्यातून मास्तरांनी नको ते ऐकलं. सून आईशी फोनवर बोलत होती. बाबा वाईट नाहीत गं, पण इथे बोलायला कुणी नाही, असं ती सांगत होती. लॅबजवळ नोकरदार बायकांचं होस्टेल आहे, तिथे एक जागा रिकामी होणार आहे, पंधरा दिवसांत हो की नाही ते कळवायचंय. मग तिने विषय बदलला. दोन रविवारांनी वाचनालयाच्या सभागृहात त्या मालिका बघणाऱ्यांचा आणि त्या ज्यांवर बेतल्या त्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांचा मेळावा होता. सगळे तसे वेश करून येणार होते, आणि हिच्याकडे काहीच नव्हतं. चादर गुंडाळून जाते आता, असं ती हसत म्हणाली, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

होस्टेलचं ऐकून मास्तरांनी बातम्या बंद केल्या. जाऊ नकोस म्हणावं, तर तुम्हाला कसं कळलं हा प्रश्न उभा राहणार. चादरीवर मात्र त्यांच्याकडे इलाज होता. शिंप्याच्या घरची सून चारचौघांत चादर गुंडाळून जाणार? मग नाक कापायला निराळी कातरी कशाला लागेल?

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं करून मालिकेची माहिती काढली. सुनेने आधी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, आणि मग सात महिन्यांत बोलली नव्हती इतकं एका दमात बोलली. तळ्याची राखण करणारी एक देवकन्या असते. शाप लागून ती माणूस होते आणि मुलाचा वेश घेऊन तलवारविद्येच्या मठात शिरते. मालिका सुरूच तिथून होते, आणि मठात दुसरी बाई औषधालाही नाही. तिथला गुरू म्हणजे तिचाच हजार वर्षांपूर्वीचा प्रियकर, पांढऱ्या केसांचा, पण तो तिला ओळखत नाही. मूळ कादंबरी तीन खंडांची. सुनेने तिचं भाषांतर वाचलं होतं आणि मालिकेने तिचं वाटोळं केलं असं तिचं ठाम मत होतं. तरी ती मालिका तिसऱ्यांदा बघत होती.

मग दुकानात शटरआड अभ्यास सुरू झाला. खालच्या भाषांतराच्या ओळी मास्तरांना वाचून व्हायच्या आत पळत, म्हणून त्यांनी ओळींचा नाद सोडला आणि कपड्यांवर नजर ठेवली. बाही उघडली की चित्र थांबवायचं आणि खाकी कागदावर खडूने रेघ ओढायची. ते मनातल्या मनात शेरेही मारत. हजार वर्षांची ओळख, आणि केस वर बांधले एवढ्यावरून हा माणूस फसतो? मास्तर तर पाठमोरं गिऱ्हाईक नुसत्या कमरेवरून ओळखत. गुरू कड्यावरून पडला तेव्हा त्यांनी तो प्रसंग तीनदा बघितला. एवढ्या उंचावरून पडूनही झग्याची एक शिवण उसवली नव्हती. सहाव्या भागानंतर मात्र खडू हातातच राहू लागला, आणि तळ्याच्या बाईचं आता कसं होणार या काळजीने दोन पँटी लांबणीवर पडल्या.

एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी हेरली होती. झग्याच्या दोन बाजू छातीवर एकमेकींवर येत, आणि त्या बाईची डावी बाजू नेहमी वर असे. आता शिंपीकामातला पहिला धडा काय? पुरुषाची डावी पट्टी वर, बाईची उजवी वर. मास्तर खूश झाले. पोरगी पुरुषाच्या वेशात आहे म्हणून पट्टीसुद्धा पुरुषाची. काय हा बारकावा! त्या अनोळखी चिनी शिंप्याला त्यांनी मनोमन हात जोडले. सून काही पुरुष बनून जाणार नव्हती, म्हणून तिच्यासाठी त्यांनी रीतसर उजवी बाजू वर घेऊन कापड बेतलं. माप वाळत टाकलेल्या कुर्त्यावरून घेतलं. दहा भाग बघून झाले आणि झगाही झाला.

रविवारी सकाळी मास्तरांनी तो घडी घालून तिच्या हातात दिला. सून घडीकडे बघतच राहिली. मग आत जाऊन घालून आली. फिकट निळ्या कापडाची बाही हात हलवला की अशी पडत होती, की मास्तर स्वतःवरच खूश झाले.

"छान आहे," ती म्हणाली. जरा थांबून परत म्हणाली, "छान आहे, बाबा."

दोनदा छान म्हणणारं गिऱ्हाईक तो कपडा पुन्हा घालत नाही, हे मास्तरांना चाळीस वर्षांत पाठ झालं होतं.

"काय चुकलं ते सांग," ते म्हणाले.

लॅबमध्ये वाईट रिपोर्ट सांगावा तशा जपून आवाजात तिने सांगितलं. "यात उजवी बाजू वर आलीय. त्या लोकांत डावी वर असते. बाई असो की पुरुष."

"आणि उजवी कुणाची वर असते?"

"मेलेल्या माणसाची."

मास्तर स्टुलावर बसले. हयातीत त्यांच्या हातून पँटी आखूड झाल्या होत्या, एका नवरदेवाचा कोट जेवणाआधीच काखेत टरकला होता. पण जिवंत सुनेला हौसेने मढ्याचा झगा शिवण्यापर्यंत त्यांची मजल गेली नव्हती. ही आता होस्टेलात जाणार, आणि जाताना आठवण म्हणून हे घेऊन जाणार. त्यांनी कशीबशी आपली बाजू मांडली. ती देवकन्या मुलाच्या वेशात होती, म्हणून त्यांना वाटलं, की...

"तुम्ही मालिका बघितलीत?" सुनेने विचारलं.

"दहा भाग."

"अकराव्यात ती बाईच्या वेशात येते, बाबा. तिथेही डावीच वर आहे." एवढं बोलून ती हसायला लागली. हसत हसत भिंतीला टेकली, मग खालीच बसली. या घरात ती इतकी हसलेली मास्तरांनी पहिल्यांदाच बघितली, आणि आपण हसावं की मेल्याहून मेल्यासारखं व्हावं हे त्यांना ठरवता येईना.

घड्याळात नऊ वाजले होते, मेळावा अकराला. बाजू नुसत्या उलट्या गुंडाळून जमेना, कारण वर येणारी बाजू रुंद बेतली होती आणि आतली अरुंद. नवं कापड नव्हतं. उसवून बेतायचं तर दिवस जाणार. तेवढ्यात सुनेने झगा काढून आणला आणि बाह्या ओढून पुरता उलटा केला. आतली बाजू बाहेर आली, आणि रुंद बाजू आपोआप डावीकडे गेली.

मास्तर कडाडले. त्यांच्या हातचा कपडा उलटा घालून आजवर कुणी उंबऱ्याबाहेर गेलं नव्हतं, आणि घरची सून तर नाहीच जाणार. सुनेने त्यांचं बोलणं अर्धवटच ऐकलं. ती शिवणींवरून बोट फिरवत होती. कापड दोन्हीकडून सारखंच होतं. एकही कड उघडी नव्हती, एकही धागा लोंबत नव्हता. प्रत्येक कड दुमडून वर दुसरी शिलाई मारलेली होती.

"आतून कोण इतकं नीट शिवतं?" तिने विचारलं. "बघतं कोण?"

"बघत कुणी नाही," मास्तर चिडूनच म्हणाले. "पण घालणाऱ्याच्या अंगाला आतलीच बाजू लागते ना."

 सुनेने झगा तसाच घातला, पट्टा बांधला आणि तुम्हीही चला म्हणाली. मास्तर नाही म्हणाले, आणि मग शर्ट बदलायला गेले.

सभागृहाच्या दारात चष्मेवाल्या एक बाई उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीकडे बघून कुणाची बाजू बरोबर, कुणाची चूक ते त्या सांगत होत्या. मास्तरांना घाम फुटला. सुनेला बाईंनी बरोबर ठरवलं, शिवण चाचपली आणि शिवला कुणी म्हणून विचारलं. झालं. सुनेने मास्तरांना पुढे ओढलं आणि सगळी हकिगत मीठमसाला लावून सांगितली. तिने दहा भाग सोडले नाहीत, मढं सोडलं नाही आणि उलटा घातल्याचंही झाकलं नाही. सभागृह हसून लोटपोट झालं. मास्तरांचे कान लाल झाले. पण थोड्याच वेळात पांढऱ्या केसांचा टोप घातलेला एक धिप्पाड गुरू त्यांच्यापाशी येऊन काखेत झगा कसा आवळतो ते दाखवू लागला, आणि मास्तर त्याचा हात वर करून खडू शोधू लागले.

पुढे कादंबरीवाले आणि मालिकावाले हमरीतुमरीवर आले तेव्हा मास्तरांनाही मत विचारण्यात आलं. कपडा शिवायचा तर कापड कापावंच लागतं, फक्त कापणाऱ्याला माप कळलं पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. दोन्हीकडच्या लोकांना ते आपल्याच बाजूचं वाटलं.

दुपारी दोघं चालत घरी निघाली. सूनच बोलत होती, तिसऱ्या खंडाबद्दल. घर आल्यावर कुलूप काढता काढता तिने सांगितलं, की होस्टेलच्या बाईंना तिने मेळाव्यातूनच नको म्हणून कळवलंय.

"कुठलं होस्टेल?" मास्तरांनी विचारलं. मालिकेतल्या सर्वांत वाईट नटानेही हे वाक्य याहून बरं म्हटलं असतं.

"बाबा, भिंत माझ्याही बाजूने पातळच आहे. परवा तुम्ही फोनवर तुमच्या मुलाला म्हणालात ना, ती गेली तर पुन्हा एकट्यापुरता चहा टाकणं मला जमायचं नाही? मी ऐकलं ते."

 मग त्यासाठी थांबलीस का, असं मास्तरांनी हळूच विचारलं.

"नाही. ते ऐकूनसुद्धा मी जाणारच होते," सून म्हणाली. "चहाचं काय, तो कुणीही कुणासाठी टाकतं. पण मला आतून टोचू नये म्हणून कुणी एवढं शिवलं नव्हतं."

मास्तरांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, आणि सुनेनेही बघून न बघितल्यासारखं केलं नाही. ती त्यांच्या शेजारी तशीच, उलट्या झग्यात, उभी राहिली.